रिपोर्ट नॉर्मल, पण बाई थकलेली

'रिपोर्ट तर नॉर्मल आला, मग तुला होतंय तरी काय?' थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बहुतेकींनी हे वाक्य घरात एकदा तरी ऐकलेले असते. म्हणणारे वाईट नसतात हो, पण कागदावर आकडा दिसतो, थकवा दिसत नाही. मग बाई गप्प बसते, नाहीतर शेजारणीच्या सांगण्यावरून पंचाहत्तरची गोळी शंभरची करून टाकते. मैत्रिणींनो, यातले काहीच करू नका. कागदाचे आणि शरीराचे जमत नसेल तर आधी कारण शोधावे. पुष्कळदा ते आपल्याच स्वयंपाकघरात सापडते.

पण मुळात हा आकडा कसला? टी.एस.एच. हा गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा रस नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉईडला जी हाक मारते, ती म्हणजे टी.एस.एच. सुनेने लगेच ओ दिली तर सासूबाईंचा आवाज चढत नाही, नाही दिली तर चढत जातो, तसेच हे! रस कमी पडला की टी.एस.एच. वाढते, जास्त झाला की उतरते. मात्र ही हाक सावकाश बदलते, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायची असते. पंधरा दिवसांत केली तर ती अर्धवट शिजलेल्या भाताची चव बघण्यासारखी होते.

यातूनच आणखी एक घोळ होतो. महिनाभर गोळ्या चुकवणारी बाई तपासणीच्या आठवड्यात मात्र नेमाने गोळी घेते. मग रक्तातले टी-४ छान दिसते आणि टी.एस.एच. चढलेलेच राहते. अशा वेळी किती गोळ्या चुकल्या ते डॉक्टरांना सरळ सांगावे. ते काही आमच्यासारखे छडी घेऊन बसलेले नसतात.

आता चहाकडे वळू. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी, आणि जमल्यास तासभर आधी घ्यायची. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण सकाळी पोरांचे डबे, नळाचे पाणी आणि ह्यांची घाई यांत जमते किती जणींना? ज्यांना मुळीच जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी, घेतली तरी चालते. मात्र रोज एकच वेळ धरावी. निर्जळी उपवासाला गोळीपुरते घोटभर पाणी घेतले तर देव रागावत नसावा, असे मला आपले वाटते.

त्याहून मोठा गोंधळ कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचा. 'सगळी औषधं एकदाच गिळून मोकळी होते,' असे म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत. या गोळ्या थायरॉईडच्या औषधाला पोटातच अडवून धरतात. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे.

आमच्या गोंदियात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. गोळीची बाटली शेगडीजवळच्या फळीवर, खिडकीत किंवा फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका, कारण उष्णतेने आणि उजेडाने तिचा जोर कमी होतो. घरातल्या आतल्या, थंड कपाटात, मूळ बाटलीतच असू द्या.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या यंत्रांत टी.एस.एच. उगाच कमी आणि टी-४ उगाच जास्त दिसते. म्हणजे बाई मरगळलेली, आणि कागद म्हणतो औषध जास्त झाले! तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवावे लागते.

एवढे सगळे नीट असूनही थकवा जात नसेल, तर तो थायरॉईडचाच आहे असे धरून बसू नका. रक्त कमी असणे, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची उणीव, पाळी जाण्याचा काळ, अपुरी झोप, मनाची उदासी, या सगळ्यांत अंग असेच जड होते. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय थायरॉईडला दोष देऊ नये. काही जणींना सारे ठीक असूनही बरे वाटत नाही, हे आता डॉक्टरही मान्य करतात. त्याचे पुरते कारण अजून उलगडलेले नाही. त्या वेळी तज्ज्ञ डॉक्टरांनाच गाठावे.

मनाने मात्रा वाढवणे मात्र महागात पडते. आधी धडधड, हाताला कंप, झोप उडणे. पुढे हाडे ठिसूळ होतात, उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होतात. वजन उतरावे म्हणून तर मुळीच वाढवू नका.

१८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी शेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क दिला. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेव्हा टी.एस.एच.ची तपासणी नव्हती, बाईकडे बघूनच मात्रा ठरे. १९७० नंतर ही तपासणी रुळली, तेव्हा कितीतरी रोग्यांना औषध जास्त जात होते असे दिसून आले. नुसत्या लक्षणांवर चालणेही फसवे, आणि नुसत्या कागदावर चालणेही.

म्हणून एक साधी वही करा. गोळी कधी घेतली, चहा कधी, कोणती चुकली, पाळीची तारीख, वजन, झोप, बद्धकोष्ठ, धडधड, सगळे रोज दोन ओळींत. गोळीची कंपनी बदलली तर तेही. 'बरं वाटत नाही' म्हणण्यापेक्षा 'गेल्या तीन आठवड्यांत दुपारी उभं राहवत नाही' म्हटले की डॉक्टरांना धागा मिळतो. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी करावी. जुने सगळे कागद तारखेने लावून न्यावेत. आणि पाळी चुकून दिवस गेल्याची शंका आली, तर गोळी बंद न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. गरोदरपणी औषध बहुधा वाढवावे लागते, आणि बाळासाठी पहिले तीन महिने फार मोलाचे असतात.