बेळ्ळंदूरचा धूर आणि पेशींचा लगाम

फेब्रुवारी २०१७ मध्ये बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावाला आग लागली आणि धूर आसपासच्या वस्तीत पसरला. अशा धुराने कॅन्सर होतो का, हे समजायला आधी पेशीचं विभाजन समजून घ्यावं लागतं. दुभंगण्यापूर्वी पेशी आपला डीएनए तपासते. बिघाड आढळला तर पी-५३ हे प्रथिन पी-२१ तयार करवतं, पी-२१ विभाजन पुढे नेणाऱ्या, सायक्लिन या प्रथिनांच्या जोडीदार किनेझ विकरांना अडवतं आणि विभाजन थांबतं. दुरुस्ती जमलीच नाही तर पेशी स्वतःला संपवते. जळत्या कचऱ्याच्या धुरातलं बेंझोपायरीन शरीरात रूप बदलून डीएनएमधल्या ग्वानिनला चिकटतं. दुरुस्तीआधीच तिथली नक्कल झाली, तीही चुकीची, आणि नेमकी पी-५३च्या जनुकात, तर हा लगामच सैल पडतो.

मग एका दिवसाच्या धुराने कॅन्सर झाला असं म्हणता येईल? नाही. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्यांतल्या रेटिनोब्लास्टोमाच्या नोंदींवरून मांडलं, की या गाठीसाठी दोन जनुकीय आघात लागतात. आनुवंशिक रुग्णांत पहिला जन्मतःच झालेला असतो, म्हणून गाठ लवकर येते. बहुतेक कॅन्सरना याहून जास्त बिघाड साचावे लागतात, त्यामुळेच ते उतारवयात अधिक दिसतात. ‘म्हणजे सारं नशीबच की,’ असं कुणी म्हणेल. नकला करताना काही चुका आपोआप होतात हे खरंच. पण तेवढ्याने धूर सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचं प्रदूषण कॅन्सरकारक ठरवलं. एखाद्याच्या गाठीचं खापर एका आगीवर फोडता येत नाही, मात्र वर्षानुवर्षं जळणाऱ्या कचऱ्याचा हिशेब मागता येतो, आणि मागायलाच हवा.