काळा पाषाण एकजीव नाही

भूकंपाचा विषय निघाला की शुक्रवार पेठेत एक वाक्य हमखास कानावर येते : ‘आपलं सोलापूर काळ्या पाषाणावर बसलंय. खालपासून वरपर्यंत एकच दगड. लाट आली तरी चहूबाजूंना सारखी पसरणार नि विरून जाणार.’ चांगली शिकलेली माणसे हे बोलतात. मुले वहीत भूकंपकेंद्राभोवती कंपासने गोल गोल वर्तुळे काढतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. याचा राग येतो, कारण १९९३ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झालेली किल्लारी इथून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे.

आधी ‘एकच दगड’ तपासू. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरावर थर साचून बनला. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. शिवाय लाव्हा निवताना पडलेल्या उभ्या भेगा. त्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतली. तिच्यात बेसाल्ट निघाला अवघा ३३८ मीटर. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन पायाखडक. कोयना खोऱ्यात गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाली. तिथे बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास भरला. किल्लारीचा भूकंप ज्या खडकात झाला, तो काळ्या पाषाणाच्याही खाली होता.

अशा खडकात लहरीचा वेग दिशेवर ठरतो. सोलापुरी चादर उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, ती फारशी ताणत नाही. कोपऱ्याला धरून तिरकी ओढा, लगेच लांबते. कापड तेच, ओढही तीच. आडव्या थरांच्या खडकातून आडवी जाणारी लहर साधारणपणे वेगाने जाते. उभी जाणारी लहर प्रत्येक मऊ थर ओलांडते, म्हणून मागे पडते. ‘पण एकेक थर तर सगळीकडून सारखाच असतो ना?’ असे विचारणाऱ्यांना उत्तर १९६२ मध्येच मिळाले आहे. अमेरिकी भूभौतिकतज्ज्ञ जॉर्ज बॅकस यांनी गणिताने दाखवले की, थरांच्या जाडीपेक्षा लहर पुष्कळ लांब असली, तर ती अख्खी चळतच दिशेनुसार गुण बदलणाऱ्या एका खडकासारखी वागते. यालाच अ‍ॅनायसोट्रॉपिक खडक म्हणतात.

उभ्या भेगा आणखी एक गोष्ट करतात. भेगाळ खडकात शिरलेली दुय्यम लहर, म्हणजे चालण्याच्या दिशेला आडवी थरथरणारी एस-लहर, दुभंगते : भेगांच्या दिशेने थरथरणारी पुढे निघते, भेगांना आडवी थरथरणारी मागे राहते. ही लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेगाने चालली असे धरा. पाऊणशे किलोमीटरला साधारण एकवीस सेकंद लागतील. दोघींच्या वेगात वाटभर दोन टक्क्यांचा फरक असला, तर त्या सुमारे ०.४ सेकंदाच्या अंतराने पोचतील. भूकंपमापकाला हे अंतर सहज कळते. वहीतल्या वर्तुळात या दोन लहरींना जागाच नाही.

म्हणून संगणकावर भूकंपलहरी चालवून पाहणाऱ्यांचे काम किचकट होते. एकजीव खडकाची लवचिकता सांगायला दोन स्थिरांक पुरतात. आडव्या थरांना पाच लागतात, त्यांत उभ्या भेगांची एक रांग मिसळली की नऊ, आणि सर्वांत गुंतागुंतीच्या खडकाला एकवीस. त्यात ऊर्जा नेहमी लहरीच्या आघाडीशी काटकोनातच जाईल, याचीही खात्री नसते. हे सारे सोडून वर्तुळेच धरली, तर भूकंपाची जागा आणि खोली, दोन्हींचा हिशेब चुकतो.

बाकीचे गैरसमज लवकर संपतात. संगणकावरची अशी प्रतिमाने उद्याचा भूकंप सांगत नाहीत; भूकंप झाल्यास लहर कुठे कशी पोचेल, एवढेच ती सांगतात. किल्लारीच्या भूकंपाचा ६.२ हा आकडा त्याच्या उगमाचा आहे, तुमच्या घराला बसलेल्या हादऱ्याचा नव्हे. आणि दिशेमुळे पडणारा फरक बहुधा काही टक्क्यांचा असतो. घर किती हलेल हे त्याहून जास्त अंतरावर, पायाखालच्या मातीवर आणि भिंतीवर ठरते.

‘पाषाणावर आहोत, म्हणजे सुरक्षित’ हे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर कुणी उच्चारूच नये. किल्लारी आणि आसपासची उद्ध्वस्त गावेही काळ्या पाषाणाच्याच मुलखातली होती. किल्लारी तेव्हा भूकंपक्षेत्रांच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, यांखाली हजारो माणसे गेली. २००२ च्या भारतीय मानकात सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात दाखवले आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल, तर भिंती आणि माळवद यंदाच एखाद्या बांधकाम अभियंत्याला दाखवून घ्या.