लाइट बिल की हप्ता?

लाइट बिल आलं की घरात पहिलं वाक्य कोणतं? ‘तो फॅन बंद कर!’ त्यापेक्षा बाबांना गच्चीवर न्या. ३ किलोवॉटचं सोलर महिन्याला साधारण ३०० युनिट वीज देतं. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपये सबसिडी मिळते. मेख एवढीच, की ती सिस्टिम बसल्यावर खात्यात येते. तोवर बँकेचं विनातारण कर्ज कामी येतं. समजा, दीड लाख घेतले. सबसिडी आली की ती कर्जातच भरा. उरले ७२,०००. साडेसहा टक्के व्याज धरलं, तर पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १,४०० रुपये. सबसिडीतून मोबाइल घेतलात, तर हप्ता दुप्पट! आता घरचं बिल काढा आणि शेजारी हा आकडा लिहा. बिल मोठं निघालं, तर बाबांशी बोलाच. फॅन चालू ठेवून.