परेडवरचा जवान का कोसळतो?

उन्हात तासभर सावधान उभा असलेला धडधाकट जवान अचानक कोसळतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं. लोक म्हणतात, कच्चा निघाला. पण हा कच्चेपणा नाही. हा ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा कारभार आहे आणि साठीतल्या मंडळींनी तो समजून घ्यायलाच हवा.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे कमी रक्त परततं, रक्तदाब घसरू लागतो. यावर दोन ठिकाणी पहारा असतो: मानेत मेंदूकडे जाणारी धमनी दुभागते तिथे, आणि महाधमनीच्या कमानीत. धमनीची भिंत किती ताणली आहे, हे तिथल्या नसा सतत कळवतात. दाब उतरला की त्यांचे संदेश विरळ होतात. हे संदेश ब्रेनस्टेमच्या सर्वांत खालच्या भागात, मेडुलात पोहोचतात. शाळेच्या पुस्तकात यालाच मस्तिष्कपुच्छ म्हणतात. तिथून लगेच हुकूम सुटतो. हृदयाला आवरून धरणारी व्हेगस नस सैल पडते, एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. पाठोपाठ सिंपथेटिक नसा रक्तवाहिन्या आवळतात. दाब सावरतो.

स्तब्ध उभं राहिल्यावर मात्र पोटऱ्या रक्त वर ढकलत नाहीत. उन्हाने त्वचेतल्या वाहिन्या फुलतात, घामाने पाणी जातं. शेवटी हुकूमच उलटतो: नाडी मंदावते, वाहिन्या सैल पडतात, शुद्ध हरपते. म्हणून उस्ताद सांगतात, बुटात बोटं हलवत राहा.

कोसळलेल्याला उचलून उभं करू नका, खुर्चीतही बसवू नका. आडवं ठेवा, पाय वर करा. मिनिटभरात शुद्ध आली नाही किंवा छातीत दुखत असेल, तर तातडीने दवाखाना गाठा.

वयानुसार ही यंत्रणा मंदावते. मधुमेहाने नसा बिघडतात, रक्तदाबाच्या काही गोळ्या भर घालतात. रात्री लघवीसाठी ताडकन उठलं की भोवळ येते आणि खुब्याचं हाड मोडतं. डॉक्टरांना आधी झोपवून, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर गोळ्यांबद्दल विचारा. मनाने बंद करू नका. आणि आज रात्रीपासून पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, पावलं वर-खाली हलवा, मगच उठा.

जय हिंद.