विझू न दिलेली धुनी

आषाढ लागला की अवघा महाराष्ट्र पंढरपूरच्या वाटेला लागतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडची बरीच मराठी माणसं मात्र याच दिवसांत तोंड करतात पश्चिमेला, खंडव्याकडे. उंच काठीला बांधलेला ध्वज, म्हणजे निशाण, खांद्यावर असतं. काही जत्थे रथसुद्धा हातांनी ओढत नेतात. वाट सव्वादोनशे किलोमीटरहून लांब, वरून पाऊस. आषाढी एकादशीनंतर चारच दिवसांनी गुरुपौर्णिमा येते. त्या दिवशी धुनीवाले दादाजींच्या दरबारात निशाण पोचलंच पाहिजे.

हे दादाजी, म्हणजे स्वामी केशवानंद, मूळचे कुठले, जन्मले केव्हा, याचा ठावठिकाणा लागत नाही. गौरीशंकर महाराजांच्या जमातीबरोबर, म्हणजे साधूंच्या जत्थ्याबरोबर, नर्मदा परिक्रमा करणारे साधू, एवढी त्यांची ओळख. पुढे नरसिंहपूर जिल्ह्यातल्या साईखेड्याला त्यांचा मुक्काम पडला आणि गर्दी लोटू लागली. समोर पेटती धुनी, हातात दंडा. भक्तानं मोठ्या हौसेनं आणलेली भेट ते बिनदिक्कत आगीत टाकत. दंडा पाठीत बसला, तर खाणारा तो प्रसाद समजून घरी जाई! 1930 साली खंडव्यात त्यांनी देह ठेवला. मागे स्वतः लिहिलेला ग्रंथ नाही. राहिली ती धुनी.

ती सांभाळली हरिहरानंदांनी. राजस्थानातल्या डीडवाण्याचे भंवरलाल साईखेड्याला दर्शनाला आले आणि परत फिरलेच नाहीत. हरिहरानंद हे नाव गुरूनंच दिलं. लोकांनी त्यांना छोटे दादाजी केलं. समाधीची नित्यसेवा, आरती, धुनी, येणाऱ्या-जाणाऱ्याचं जेवण हे सगळं त्यांनी 1942 पर्यंत, देह ठेवीपर्यंत, पाहिलं. गुरूला शिवाचं रूप मानणाऱ्या भक्तांनी शिष्याला विष्णूचं मानलं. दोघांच्याही समाध्या आज खंडव्यातच आहेत.

आता धुनीकडे जरा जवळून बघू. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. वायू संपले की कोळसा उरतो. तो ज्वाळेविना, पृष्ठभागावरच, सावकाश धुमसतो. वर साचते ती राख, म्हणजे लाकडातली न जळणारी खनिजं. गंमत अशी की आग मेल्याची खूण समजली जाणारी ही राखच आगीला जगवते. ती आतली धग बाहेर जाऊ देत नाही आणि हवा बेताबेतानं आत सोडते. आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायच्या आणि पहाटे फुंकर घालून चूल पेटवायच्या, ती हीच युक्ती.

पण राख फार झाली की विस्तव गुदमरतो. अगदीच कमी पडली तर भराभरा जळून संपतो. ओंडका योग्य वेळी आत सरकवावा लागतो, राख मोकळी करावी लागते. ग्रंथ कपाटात शंभर वर्षं पडून राहू शकतो, मूर्ती कुलपात राहू शकते. धुनीला मात्र रोज माणूस लागतो, पावसाळ्यात आणि मध्यरात्रीसुद्धा. खंडव्याची धुनी दादाजींच्या काळापासून अखंड आहे, असं आपण म्हणतो. त्या ‘अखंड’मागे नव्वदहून जास्त वर्षांची माणसांची पाळी आहे. मला चमत्कार वाटतो तो हाच.

गुरुपौर्णिमेला खंडवा शहरही पाळीला उभं राहतं. रस्तोरस्ती भंडारे लागतात आणि चालून आलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेतले जात नाहीत. दरबारात प्रसादाला टिक्कड मिळतो, म्हणजे जाड, खरपूस रोटी. धुनीची राख पुडीत बांधून गावी नेली जाते.

पांढुर्णा 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. निशाणाची वाट आहे तीच राहिली. पायी जमणार नसेल तर पांढुर्ण्याहून रेल्वेनं इटारसी गाठावी आणि तिथून खंडव्याची गाडी धरावी. धुनीपाशी गेल्यावर आधी ओंडका सरकवणाऱ्या सेवेकऱ्याला नमस्कार करावा.