आधी ऐकावे, मग टाइप करावे

संगणकावरची नेहमीची कामे स्क्रिप्टवर सोपवता येतात. एकापाठोपाठ एक चालवायच्या आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. रोज रात्री बॅकअप घेणे किंवा शेकडो फायलींची नावे बदलणे अशी कामे ती बिनबोभाट उरकते. घोडे अडते ते स्क्रिप्टने सुरू केलेला दुसरा एखादा प्रोग्रॅम मध्येच थांबून काही विचारतो तेव्हा. 'ही फाइल पुसायची का?', 'पासवर्ड द्या', 'पुढे जायचे का?' समोर माणूस असला तर तो वाचतो, उत्तर टाइप करतो आणि एंटर दाबतो. माणूस नसला तर प्रोग्रॅम वाट पाहत बसतो आणि मागची सगळी कामे खोळंबतात. ही उत्तरेही स्क्रिप्टनेच द्यावीत यासाठी युनिक्स आणि लिनक्समध्ये काही पद्धती रुळल्या आहेत.

युनिक्समध्ये सहसा प्रोग्रॅम सुरू होतानाच त्याला तीन वाटा उघडून मिळतात. ० क्रमांकाच्या वाटेने माहिती आत येते, १ क्रमांकाच्या वाटेने उत्तर बाहेर जाते आणि २ क्रमांकाची वाट चुकांच्या संदेशांसाठी असते. आत येणारी माहिती कोणी टाइप करत आहे की फाइलमधून येत आहे, याच्याशी साध्या प्रोग्रॅमला काही देणेघेणे नसते. १९७३ मध्ये बेल लॅब्जमधल्या केन थॉम्प्सन यांनी डग मॅकलरॉय यांच्या कल्पनेवरून युनिक्समध्ये पाइपची सोय केली. तेव्हापासून एका प्रोग्रॅमच्या बाहेर जाणाऱ्या वाटेला दुसऱ्याची आत येणारी वाट थेट जोडता येऊ लागली.

सर्वांत सोपी पद्धत या जोडणीवरच उभी आहे: उत्तरे आधीच तयार ठेवायची आणि पाइपमधून सोडून द्यायची. 'येस' नावाची एक छोटी आज्ञा थांबवेपर्यंत एका ओळीत एक असे 'वाय' हे अक्षर छापत राहते. प्रत्येक प्रश्नाला होकारच द्यायचा असेल तर तेवढे पुरते. वेगवेगळी उत्तरे हवी असतील तर ती स्क्रिप्टमध्येच ओळीने लिहून प्रोग्रॅमला देता येतात. या सोयीला 'हिअर डॉक्युमेंट' म्हणतात.

मात्र या पद्धतीत स्क्रिप्ट प्रश्न वाचतच नाही. समजा, एक प्रोग्रॅम आधी फोल्डरचे नाव विचारतो आणि मग 'जुन्या नोंदी पुसू का?' असे विचारतो. स्क्रिप्टने फोल्डरचे नाव आणि 'नाही' अशी दोन उत्तरे पाठवून ठेवली आहेत. एके दिवशी तो फोल्डर सापडत नाही, म्हणून 'नवा तयार करू का?' हा जादा प्रश्न मध्येच येतो. जुन्या नोंदींसाठी राखलेला 'नाही' तिथेच खर्ची पडतो आणि खऱ्या प्रश्नाच्या वेळी पाठवायला काही उरत नाही. उत्तरांचा क्रम एका जागेने चुकला की पुढचे सगळेच चुकते.

दुसरी अडचण प्रोग्रॅमच्या बाजूने येते. समोर टर्मिनल (म्हणजे माणूस जिथे आज्ञा टाइप करतो ती जागा) आहे की पाइप, हे प्रोग्रॅमला तपासता येते आणि अनेक प्रोग्रॅम ते तपासून आपली वागणूक बदलतात. दूरच्या संगणकाशी जोडून देणारा एसएसएच पासवर्ड मागताना पाइपकडे ढुंकूनही पाहत नाही, तो थेट टर्मिनल उघडून तिथूनच वाचतो. पाइपमधून पासवर्ड सोडला तरी तो त्याच्या कानावर पडत नाही.

शिवाय स्क्रिप्टने पाइपमधूनच प्रश्न वाचून मग उत्तर द्यायचे ठरवले तरी घोटाळा होतो. टर्मिनलवर लिहिताना प्रोग्रॅम साधारणपणे ओळ पूर्ण झाली की ती लगेच दाखवतो. पाइपमध्ये लिहिताना मात्र काही हजार अक्षरे साठेपर्यंत मजकूर बफर या तात्पुरत्या साठ्यातच राहू शकतो. वीस-पंचवीस अक्षरांचा प्रश्न मग आतच अडकतो. स्क्रिप्ट प्रश्नाची वाट पाहते, प्रोग्रॅम उत्तराची, आणि दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणजे तोतया टर्मिनल. ही ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेली दोन टोकांची जोडी असते. एक टोक प्रोग्रॅमला अस्सल टर्मिनलसारखे दिसते. दुसरे टोक स्क्रिप्टच्या हातात असते आणि तिथून ती लिहितेही, वाचतेही. पडद्यावरच्या टर्मिनलच्या खिडक्या आणि एसएसएचने उघडलेली सत्रेही याच सोयीवर चालतात. विंडोजमध्ये अशी अधिकृत सोय २०१८ मध्ये, विंडोज १० मध्ये आली.

तोतया टर्मिनलचा हा उपयोग सामान्य वापरकर्त्याच्या हाती आला तो 'एक्स्पेक्ट'मुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतले डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये हा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. बर्कली विद्यापीठातल्या जॉन औस्टरहाउट यांनी घडवलेल्या टीसीएल या भाषेवर तो बांधलेला आहे. त्याचा गाभा चार आज्ञांत मावतो. 'स्पॉन' प्रोग्रॅम सुरू करते, 'एक्स्पेक्ट' ठरावीक मजकूर दिसेपर्यंत थांबते, 'सेंड' उत्तर पाठवते आणि 'इंटरॅक्ट' पुढची सूत्रे माणसाच्या हाती देते.

एक्स्पेक्टची गरज कुठे होती, हे एफएससीके या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमवरून समजते. बिघाड सापडला की तो दुरुस्तीची परवानगी मागतो. आपोआप चालवायचा तर सगळ्यांना 'हो' किंवा सगळ्यांना 'नाही' असे दोनच ठोक पर्याय होते. एक्स्पेक्टमुळे अमुक बिघाडाला हो, तमुकाला नाही, आणि अनोळखी प्रश्न आला तर माणसाला बोलवा, असे सांगता येऊ लागले. लिब्स यांचे दुसरे उदाहरण गमतीचे आहे. 'रोग' या खेळात खेळाडूची सुरुवातीची ताकद बहुधा १६ असते, क्वचित १८ निघते. त्यांची स्क्रिप्ट खेळ सुरू करते, पडद्यावर १८ दिसते का ते पाहते, नसेल तर डाव मोडून नवा मांडते. १८ सापडले की खेळ माणसाच्या स्वाधीन करते.

वापरताना काही बारकावे सांभाळावे लागतात. एंटरची कळ टर्मिनलला 'कॅरेज रिटर्न' हे चिन्ह पाठवते, म्हणून उत्तराच्या शेवटी तेच द्यावे लागते. एकाच ठिकाणी वेगवेगळे प्रश्न येऊ शकत असतील तर सगळे नमुने एकत्र द्यावे लागतात. एसएसएच पहिल्याच जोडणीत समोरच्या संगणकाच्या ओळखीची खात्री विचारतो, नंतर थेट पासवर्डवर येतो. स्क्रिप्टला दोन्ही शक्यता माहीत हव्यात. एक्स्पेक्ट मुळात १० सेकंद थांबतो आणि अपेक्षित मजकूर आला नाही तरी मुकाट्याने पुढच्या आज्ञेकडे वळतो. वेळ संपल्यावर काय करायचे, हे म्हणून स्पष्ट लिहावे लागते.

पासवर्डच्या वेळी घाई तर मुळीच चालत नाही. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटू नयेत म्हणून प्रोग्रॅम टर्मिनलची मांडणी बदलतो आणि त्याच क्षणी आधी येऊन पडलेली अक्षरे बहुधा टाकून देतो. प्रश्नाआधी पाठवलेला पासवर्ड असा वाया जातो. प्रश्न छापून झाल्यावर पण अक्षरे लपवण्याआधी तो पोहोचला, तर उघडा पडतो. पायथनमध्ये एक्स्पेक्टचेच काम करणारी 'पीएक्स्पेक्ट' लायब्ररी एवढ्यासाठी प्रत्येक उत्तरापूर्वी सेकंदाचा विसावा भाग थांबते.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणे मुळातच जोखमीचे असते. फाइल वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. आज्ञेच्या ओळीतच दिला तर चालू प्रोग्रॅमच्या यादीतून त्याच संगणकावरच्या इतरांनाही दिसू शकतो. एसएसएचसाठी पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरली की हा प्रश्न उद्भवत नाही. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवणाऱ्या 'ॲप्ट-गेट'ला प्रश्न न विचारता पुढे जाण्याचा पर्याय आहे. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये अशी सोय असते, म्हणून आधी मॅन्युअल पाहावे. ती नसेल आणि उत्तरांचा क्रम कधीच बदलत नसेल तर पाइप पुरतो. एक्स्पेक्टकडे त्यानंतर वळावे.

प्रश्नाचे शब्द कायम तेच राहतील, याची हमी मात्र कोणीच देत नाही. नवी आवृत्ती आली किंवा संगणकाची भाषा बदलली की 'पासवर्ड' या शब्दाची वाट पाहणारी स्क्रिप्ट फसते. त्यामुळे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच भाषा ठरवून टाकतात आणि नमुना प्रश्नातल्या मोजक्या, न बदलणाऱ्या भागापुरता ठेवतात. झालेला सगळा संवाद लॉग फाइलमध्ये नोंदला तर चूक कुठे झाली ते नंतर सापडते. ओळखीचा नसलेला प्रश्न आल्यास स्क्रिप्टने अंदाजाने 'हो' म्हणू नये. काम तिथेच थांबवून ते अपयशी ठरल्याचे कळवावे.