मधुमेहात किडनी जपायची तर चाला: चार गैरसमज

मधुमेह्यांचे सारे लक्ष साखरेच्या आकड्यावर असते. मूत्रपिंडे मात्र कसलीही तक्रार न करता झिजत राहतात. त्यांना जपण्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे.

गैरसमज 1: पायावर सूज नाही, लघवी साफ होते, म्हणजे किडनी ठणठणीत.
वस्तुस्थिती: प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेली साखर आणि रक्तदाब त्यांवर वर्षानुवर्षे ताण आणतात. सूज दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. त्याआधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते. म्हणून टाइप 2 मधुमेहात निदानापासूनच दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या.

गैरसमज 2: चालण्याने साखर उतरते, किडनीला त्याचे काय?
वस्तुस्थिती: काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. नियमित व्यायामाने रक्तदाबही उतरतो. म्हणजे गाळण्यांवरचे दोन्ही ताण हलके होतात. अमेरिकेतील ‘लुक अहेड’ अभ्यासात वजन जास्त असलेले पाच हजारांवर मधुमेही होते. आहार आणि व्यायामाचा कसून कार्यक्रम मिळालेल्या गटात अतिजोखमीच्या मूत्रपिंडविकाराचे प्रमाण 31 टक्क्यांनी कमी राहिले.

गैरसमज 3: लघवीतून प्रथिने जाऊ लागली की व्यायाम बंद.
वस्तुस्थिती: दमवणाऱ्या व्यायामानंतर अल्ब्युमिन तात्पुरते वाढते, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी तो टाळावा. एरवी किडनीचा विकार असला तरी आठवड्याला किमान 150 मिनिटे, किंवा झेपेल तितका, मध्यम व्यायाम सुचवला जातो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. डायलिसिसवरचे रुग्णही डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम करू शकतात.

गैरसमज 4: रोज चालतो, मग गोळ्या कशाला?
वस्तुस्थिती: व्यायाम ही औषधांना जोड आहे, पर्याय नव्हे. किडनी कमजोर असेल तर इन्सुलिनचा असर लांबतो आणि साखर एकदम उतरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावेच. अनवाणी चालू नका. गुडघे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. या गोळ्या किडनीला इजा करू शकतात. डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर जड वजने उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सलग अर्धा तास जमत नसेल तर तिन्ही वेळच्या खाण्यानंतर दहा-दहा मिनिटे चाला. मूत्रपिंडांसाठी तेही मोलाचे आहे, आणि सुरुवात आजच्या जेवणानंतरही करता येते.